खिंडीपासून खाली

मी सिटी बसची कंडक्टर आहे. त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि घरी आल्यावर तो लहान होत नाही, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको, की ही बाई फार ओरडते. भरल्या गाडीत 'पुढे सरका' असं गोड आवाजात म्हटलं तर कोण सरकतं? नवरा म्हणतो, तू स्वयंपाकघरातसुद्धा मला पुढे सरकवतेस. सरकवते. नाहीतर तो हलतच नाही.

फोन आला तेव्हा मी ड्यूटीवरून येऊन नुकतीच बूट काढत होते. डोंगरापलीकडे खोऱ्यात एक छोटं गाव आहे, तिथल्या दवाखान्यातून डॉक्टर बोलत होते. माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, त्याच दवाखान्यात नर्स होती. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची. आता तिथेच खाटेवर पडली होती.

"त्यांचं हृदय पार थकलंय," डॉक्टर म्हणाले. "औषधांना दाद देत नाहीये. सारखं 'माझ्या भावाला बोलवा' म्हणताहेत. यायचं असेल तर आता निघा. उद्या-परवा करू नका."

माझ्या हातात एक बूट तसाच राहिला. आत्या आणि खाटेवर? जी बाई पाऊस असो की गारठा, पिशवी उचलून वाडीवस्तीवर पायी जायची, ती? मला खरंच वाटेना. मी डॉक्टरांनाच विचारलं, "नक्की आमचीच आत्या ना हो?"

अप्पा, म्हणजे माझे वडील, खिडकीशी बसून जुना रेडिओ उघडत होते. ते रिटायर्ड बस ड्रायव्हर. डेपोत त्यांना सगळे 'लोणी' म्हणायचे. अप्पा स्टिअरिंगवर असले की भरल्या गाडीत उभ्याने चहा प्यावा, एक थेंब सांडायचा नाही. मी फोन ठेवला. त्यांनी सगळं ऐकलंच होतं. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाले, "मी जातो."

"एकटे कसे जाल? मी येते."

"बघ बाई," एवढंच म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला होता. बहिणीचं ऐकून असेल, असं मला वाटलं.

मग जायचं कसं, यावरून घरात जुंपली. भाऊ तेवढ्यात येऊन ठेपला. त्याने नवी गाडी घेतल्यापासून त्याला कुणालातरी कुठेतरी न्यायचंच असतं. "माझ्या गाडीने चला, पहाटेपर्यंत दारात सोडतो," म्हणाला.

"तुझ्या हाताखाली घाट?" अप्पा म्हणाले. "त्यापेक्षा मी इथेच मरतो."

भावाचं तोंड एवढंसं झालं. मला आतून बरं वाटलं, कारण त्याच्या गाडीत बसलं की तो एसीचे गुण सांगत बसतो. शेवटी ठरलं ते असं: रात्रीच्या रेल्वेने डोंगराच्या अलीकडच्या स्टेशनपर्यंत आणि तिथून सकाळच्या बसने खिंड ओलांडून खाली खोऱ्यात. खोऱ्यात रेल्वे जात नाही. हाच एक रस्ता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. लहानपणी आम्ही आत्याकडे सुट्टीला जायचो ते आईबरोबर. अप्पा कधी आले नाहीत. त्यांना नेमकी तेव्हाच ड्यूटी असायची. रिटायर झाल्यावर तरी यावं ना? पण तेव्हा कधी गुडघा दुखायचा, कधी घाटात दरड पडलेली असायची. मी म्हणायची, भावाबहिणीचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय. कुणी काही सांगितलं नाही आणि मलाही विचारायला कधी फुरसत झाली नाही.

रेल्वेत अप्पा बाकावर पडून होते, पण झोपले नव्हते. स्टेशनवर उजाडत उतरलो तर हवेत चांगलाच गारठा. मी त्यांच्या डोक्यावर कानटोपी ओढली, गळ्याशी मफलर गुंडाळला आणि बसस्टँडवर नेलं.

बस उभीच होती. कंडक्टर पाहिला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मध्यमवयीन गृहस्थ दारात पाय पसरून बसले होते, जांभया देत. लोक खिडकीतून सामान टाकून जागा धरताहेत आणि याला पत्ता नाही.

"अहो, गाडी तुमचीच ना?" मी म्हटलं.

"तशी सरकारची आहे," तो म्हणाला.

मी पदर खोचला. सामान खाली उतरवलं, म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवलं, पोतं मधल्या वाटेतून हलवलं. अप्पांना ड्रायव्हरच्या मागची खिडकी दिली आणि स्वतः शेवटी, दाराजवळच्या सीटवर बसले. ती कंडक्टरची जागा. दुसरीकडे बसलं की मला गाडी लागते. तो गृहस्थ कौतुकाने बघत होता. मी त्याच्याच खात्यातली आहे हे कळल्यावर तर त्याने मला तिकिटाचं मशीनच द्यायचं बाकी ठेवलं. "ताई, तुम्ही आहात ना, मग मी जरा डोळा लावतो," म्हणाला आणि खरंच लावला.

आमच्या बाजूने डोंगर हळूहळू चढतो. रस्ता लांबलचक आणि सोपा, चढ कळतसुद्धा नाही. पलीकडे मात्र तो एकदम कोसळतो आणि त्या कड्यावरून रस्ता वळणं घेत घेत खाली खोऱ्यात उतरतो. दोन्हीच्या मधे खिंड, आणि खिंडीत चहाची टपरी. सगळ्या गाड्या तिथे थांबतात. ड्रायव्हर टायरला लाथ मारून बघतो, लोक चहा पितात, आडोशाला जाऊन येतात.

आम्हीही थांबलो. वारा असा, की कान तुटून पडतील. मी अप्पांना चहा आणून दिला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला, पण प्यायले नाहीत.

"आडोशाला जाऊन येतो," म्हणाले.

"लवकर या. गाडी थांबायची नाही."

मग मी कामाला लागले. म्हणजे काम माझं नव्हतंच. पण लोक रेंगाळलेले, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, कंडक्टर टपरीवाल्याशी गप्पा मारतोय. कुणी काही करायचं की नाही? मी सगळ्यांना आत हाकललं. "चला, चला, चहा घरी जाऊन प्या!" दारात उभी राहिले आणि मागून पुढपर्यंत नजर टाकली. सगळ्या सीट भरलेल्या. ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी कानटोपी. ठीक. मी दोरी ओढली आणि डबल बेल दिली. गाडी सुटली.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात? सांगते. आम्ही कंडक्टर लोक डोकी बघतो, चेहरे बघत नाही. रोज हजार माणसं चढउतार करतात, चेहरे बघत बसलो तर गाडी डेपोतून बाहेर पडायची नाही. रिकामी सीट दिसली की माणूस राहिला, सीट भरलेली दिसली की सगळे आले. इतकी वर्षं त्या हिशोबात माझी कधी चूक झाली नाही.

उतार सुरू झाला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. दोनचार वळणं गेली असतील. अप्पांना गार वारा लागत असेल म्हणून मी शाल घेऊन, खांब धरत धरत पुढे गेले. "अप्पा, ही घ्या पाठीवर," म्हणून खांद्यावर हात ठेवला.

कानटोपी वळली. आत दुसराच माणूस. मांडीवर करवतीची पिशवी, ओठांवर मिशा. सुतार होता कुणीतरी, खिंडीतून चढलेला.

"काय हो ताई?" तो म्हणाला.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या! शाल हातातून खाली पडली. मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले, जणू नीट बघितलं तर त्यातून अप्पा निघतील.

"इथे माझे वडील होते," मी म्हटलं.

"सीट रिकामी होती म्हणून बसलो."

मग मात्र मी किंचाळले. "गाडी थांबवा! माणूस राहिला! थांबवा गाडी!" ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "ताई, इथे कशी थांबवू? इथे वळवायला जागा नाही, मागून ट्रक येतोय. आता थेट खाली." कंडक्टर जागा झाला आणि म्हणाला, "पण बेल तर तुम्हीच दिलीत ना?"

त्याच्या कानफटात द्यायला माझा हात उठला होता. उठला आणि तसाच खाली आला. त्याचं काय चुकलं होतं? बेल मीच दिली होती. माझ्या सख्ख्या बापाला, या वयात, त्या वाऱ्यात, मी स्वतःच्या हाताने मागे टाकून आले होते. पुढचा सगळा घाट मी खांब धरून उभी होते. बसवतच नव्हतं. फोनला रेंज नाही. लोक समजूत घालत होते, "टपरी आहे ना तिथे, काळजी करू नका," आणि मी त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवत होते. मला त्यांचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

खाली स्टँडवर उतरल्या उतरल्या कंडक्टरनेच टपरीवाल्याला फोन लावून माझ्या हातात दिला. त्या बाबतीत भला माणूस.

"अहो, कानटोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ राहिलेत तिथे," मी म्हटलं. "माझे वडील आहेत ते. त्यांना आत बसवा, गरम चहा द्या, मी येते परत."

"कोण, लोणीकाका?" टपरीवाला म्हणाला.

मला वाटलं चुकून डेपोत फोन लागलाय. "तुम्ही ओळखता त्यांना?"

"म्हणजे काय! ते राहिले कुठे? माझ्या शेजारीच उभे होते की. गाडी सुटली तसं मी म्हटलं, 'काका, ओरडा, मी धावतो.' तर माझा हात धरला आणि म्हणाले, 'जाऊ दे.'"

"जाऊ दे?"

"हो. गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत उभे होते. मग माझ्याकडून एक काठी मागून घेतली."

"आणि?"

"आणि काय, आणखी गिऱ्हाईकं आली हो. बघतो कुठे गेले ते," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मी फोन कानाला तसाच धरून उभी. अप्पा मुद्दाम राहिले? सख्खी बहीण शेवटच्या घटका मोजतेय आणि हा माणूस 'जाऊ दे' म्हणतो? मघापासून अपराधाने माझा जीव अर्धा झाला होता, त्या जागी असा संताप आला की बास. मी तशीच समोरच्या दवाखान्यात शिरले.

आत्याची खोली कोपऱ्यात होती. खिडकीतून घाटाचा शेवटचा तुकडा दिसत होता. आत्या उशांना टेकून बसली होती. आडवं झोपलं की तिला श्वास पुरत नव्हता. नाकाशी नळी, मनगटं काडीसारखी. मला ती एकदम ओळखूच आली नाही. डोळे मात्र तेच.

"किती जाड झालीस गं," ती म्हणाली.

मी रडायला लागले.

"ते नंतर. तो कुठाय?"

"तोंड धुताहेत अप्पा. आलेच." मी थाप मारली. आयुष्यभर लोकांच्या थापा पकडल्या मी, पण मला स्वतःला एक धड मारता येत नाही.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "खिंडीत राहिला ना?"

मला धक्का बसला तो असा, की मी मटकन स्टुलावर बसले. "तुला कसं कळलं?"

"मला कळायचं काय त्यात? तो खिंडीच्या खाली आलाच कधी?" तिला एकेका वाक्याला दम लागत होता, पण थांबायला तयार नव्हती. "तुम्हा पोरांना काही सांगितलं नाही त्याने. मलाही शपथ घातली होती. आता मी मरतेय, शपथ सुटली. तू लहान होतीस तेव्हा तो याच रस्त्यावर गाडी चालवायचा, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. मग आमच्या शाळेसाठी शहरात बदली मागून घेतली."

"शाळेसाठी!" आत्या हसायला गेली आणि खोकली. "घाट उतरताना त्याच्या गाडीचे ब्रेक गेले. गाडी खच्चून भरलेली. यानं डोंगराच्या अंगाला घासत, घासत, घासत नेऊन थांबवली. कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. लोकांनी याला खांद्यावर घेऊन नाचवलं. आणि दुसऱ्या दिवशी याचा पाय ब्रेकवर ठरेना. नुसता लटलट कापायचा. ड्रायव्हर म्हणून तर सोडच, पॅसेंजर म्हणूनही गाडीत बसून हा घाट उतरायची हिंमत होईना. लोणी म्हणायचे ना त्याला? कुणाला सांगणार होता तो, की लोणी उताराला घाबरतं? म्हणून शाळेचं निमित्त."

अप्पांनी माझ्या शाळेसाठी घाट सोडला, हे ऐकत ऐकत मी दहावीला तीनदा बसले होते. प्रत्येक वेळी नापास झाले की त्यांचा त्याग आठवून ढसाढसा रडायची. आणि हे असं? मला हसावं की रडावं कळेना. 

"मग तुम्ही इतकी वर्षं भेटलाच नाहीत?"

"वेडी आहेस का? दरवर्षी भेटतो. तो तुमच्या बाजूने वर यायचा, मी इकडून बसने वर जायची. टपरीच्या बाकावर बसायचो. दिवसभर भांडायचो. संध्याकाळ झाली की तो त्याच्या घरी, मी माझ्या."

दरवर्षी अप्पा 'जुन्या दोस्तांना भेटून येतो' म्हणून दोन दिवस जायचे. आम्ही डबा करून द्यायचो.

"आता मला वर जाता येत नाही," आत्या म्हणाली आणि डोळे मिटले. "म्हणून निरोप पाठवला, की या वेळी तू ये. मला वाटलं होतं, येईल."

माझा राग कुठे गेला, मलाच कळलं नाही. मी म्हटलं, "मी जाते वर. ओढून आणते."

"ओढून आणायला तो काय पोतं आहे?"

डॉक्टर आले, नाडी बघितली, मला खुणेने दाराशी नेलं. "आजचा दिवस," ते हळूच म्हणाले. "कदाचित तेवढाही नाही."  येताना मला वाटलं होतं, आजारी माणसाला भेटायला चाललोय, दोन दिवस सेवा करू, डबा देऊ, परत येऊ.

तेवढ्यात दूधवाला दवाखान्याचे कॅन घेऊन आला. कॅन ठेवता ठेवता म्हणाला, "अहो, घाटात एक म्हातारबाबा चालत उतरताहेत. काठी टेकत, डोंगराच्या कडेला हात लावून. मी म्हटलं, 'बसा गाडीत,' तर हात जोडले. वेडसर दिसतात."

"कानटोपी?" मी आणि आत्या एकदमच म्हणालो. इतक्या लांबून तिने ऐकलं होतं.

"हो. आणि मफलर."

बाप रे! तो घाट चालायचा? धडधाकट माणसाच्या पोटऱ्या भरून येतात. आणि या माणसाला घरी गच्चीवर चढायचं म्हटलं की गुडघा आठवतो! मी देवाचं नाव घ्यायला लागले. आत्या मात्र उशीवरून सरळ झाली. तिच्या तोंडावर असं काही आलं, की मला तिच्याकडे बघवेना.

"येतोय," ती म्हणाली. "चालत येतोय गधडा."

मग ती दुपार आम्ही कशी काढली, आमचं आम्हाला ठाऊक. प्रत्येक गाडी खाली आली की मी स्टँडवर धावायची. बसच्या ड्रायव्हरने सांगितलं, धबधब्याच्या वळणावर दिसले. मागून लाकडाचा ट्रक आला, ट्रकवाला म्हणाला, कठड्यावर बसून गुडघा चोळत होते. मी धावत जाऊन आत्याला सांगायची. ती विचारायची, "धबधब्याच्या वर की खाली?" आणि मनाशी काहीतरी हिशोब करायची. ऊन उतरायला लागलं. तिचे ओठ निळे पडायला लागले होते.

"अजून अर्धा घाट आहे," ती एकदम म्हणाली. "मला पुरणार नाही. ॲम्ब्युलन्स काढा."

"सिस्टर, तुम्हाला हलवता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"माझं काय होणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. मग खाट इथे असली काय नि चार चाकांवर असली काय? दरवर्षी मी वर जाते त्याला भेटायला. ड्रायव्हरला बोलवा."

ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आला. चांगला आडदांड माणूस. तो आत्याच्याच हातावर जन्मलेला. तिने नुसतं बोट वर केलं आणि त्याने डॉक्टरांकडे न बघता स्ट्रेचर आणलं. डॉक्टर क्षणभर उभे राहिले. मग स्वतःच ऑक्सिजनची टाकी उचलून आमच्याबरोबर चढले.

बऱ्याच वळणांनंतर ते दिसले. रस्त्याच्या आतल्या कडेने, डाव्या हाताने डोंगर चाचपत, एकेक पाऊल टाकत. पँटचा गुडघा फाटलेला. कुठेतरी पडले होते. ॲम्ब्युलन्स पाहिली आणि जागच्या जागी थांबले. काठी हातातून सुटली. त्यांना काय वाटलं असेल ते मला कळलं. मी मागचं दार उघडलं आणि ओरडले, "आहे! अप्पा, आहे अजून!"

ते जवळ आले. आत वाकून पाहिलं. 

"बघतोस काय?" आत्या म्हणाली. "चढ."

"ताई, मी येतो चालत. तू हो पुढे. मी येतो गं, खरंच येतो."

"माझ्याकडे तेवढा वेळ नाही रे."

अप्पांनी पायरीवर पाय ठेवला. पाय लटलट कापत होता. खाली घेतला. पुन्हा ठेवला. मला सवय आहे, चढताना कुणी रेंगाळलं की पाठीवर थाप मारून आत घ्यायची. हात पुढे झालाही होता, पण मी तो मागे घेतला. अप्पांनी डोळे घट्ट मिटले आणि आंधळ्यासारखे चाचपत चढले.

गाडी वळवून घेतली आणि उतार सुरू झाला. आत्याच्या डोक्याशी अप्पा, त्यांच्या हातात तिचा हात. समोर मी आणि डॉक्टर. अप्पांचे डोळे मिटलेलेच होते, कपाळावर घाम. गाडी कलंडली की त्यांच्या घशातून आवाज यायचा.

"हे डावं वळण," आत्या हळूच म्हणाली. "झालं. आता सरळ आहे. घाबरू नकोस."

"ब्रेक?"

"लागताहेत. मी बघतेय ना. हे उजवं. झालं बघ."

अशी ती एकेक वळण सांगत होती आणि ते लहान मुलासारखी मान हलवत होते. मी तोंडाला पदर लावून बसले होते. एक वळण, दुसरं, तिसरं. मग पुढचं वळण आलं आणि कुणी काही बोललं नाही.

मी तिच्याकडे पाहिलं. डोळे अप्पांच्या तोंडाकडे लागलेले होते, पण हलत नव्हते. डॉक्टरांनी तिच्या गळ्याला बोटं लावली, तिच्या छातीवर कान ठेवला. मग माझ्याकडे पाहून मान हलवली आणि बोलायला तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

"ताई?" अप्पा म्हणाले. "आता कुठे आहोत? बोलत का नाहीस?"

मी तोंडावरचा पदर काढला.

"दमलीय ती, अप्पा," मी म्हटलं. "आता मी सांगते. हे डावं आहे. झालं."

"तिचा हात गार लागतोय गं."

"वारा आहे. धरून ठेवा. हे उजवं."

मी सांगत राहिले. डावं, उजवं, सरळ, पुन्हा डावं. ड्रायव्हरने आरशातून एकदा मागे पाहिलं, सगळं समजला आणि गाडी आणखी हळू केली. अप्पांनी तिचा हात दोन्ही हातांत धरून चोळायला घेतला होता. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, पण आवाज मी पडू दिला नाही. कंडक्टरचा आवाज आहे. शेवटच्या वळणापर्यंत पुरला.

दवाखान्याच्या फाटकात गाडी थांबली. इंजिन बंद झालं.

"पोचलो का?" अप्पांनी विचारलं.

"पोचलो," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. आधी मागच्या काचेतून बाहेर पाहिलं, उंच, मागे राहिलेल्या घाटाकडे. त्यांचा विश्वास बसेना. मग ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "उतरलो गं मी!"

आणि तिच्याकडे वळले.